टाकीजवळची चार मिनिटं

डेपोत त्याला सगळे मिनिटराव म्हणत, आणि तोंडावर म्हणत. वेळापत्रक खात्यात सव्वीस वर्षं घासलेल्या माणसाला याहून बरं नाव मिळणं कठीणच होतं. एकदा एका ड्रायव्हरनं सासरेबुवांना चढता यावं म्हणून गाडी दोन मिनिटं रोखली, तर या पठ्ठ्यानं भर कॅन्टीनमध्ये त्याची हजेरी घेतली. "गाडी काय तुझ्या घरची आहे का रे?" हे वाक्य पुढे डेपोत इतकं गाजलं, की लोक चहाचा कप मागतानासुद्धा ते वापरत.

आणि याच मिनिटरावानं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या बहिणीसाठी चार मिनिटं चोरली होती.

चोरली हा त्याचाच शब्द, मनातल्या मनात वापरलेला. त्याची ताई रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत चादरी धुवायची. पहाटे कामाला लागायची, अकराला सुटायची. भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांना टेकडीवरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. बोलणं गेलं, ओळख गेली, फक्त ताईचा हात तेवढा कळायचा. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ते ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवत. सकाळ-संध्याकाळ दोन घोट दूध कसंबसं जाई. पोटात जे काय पडायचं ते दुपारी बारा ते साडेबारा, ताईच्या हातून. साडेबाराला औषधाचं इंजेक्शन दिलं की ते संध्याकाळपर्यंत झोपून असत.

अडचण होती ती पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर. ताईची बस तिथे अकरा छत्तीसला यायची आणि टेकडीची बस अकरा पस्तीसला सुटायची. पुढची टेकडीची बस तब्बल पाऊण तासानं. मिनिटरावाच्या टेबलावर तेव्हा आलेखाचे लांबच लांब कागद असायचे. प्रत्येक बस म्हणजे एक तिरकी रेघ, आणि बस थांबली की रेघ तेवढ्यापुरती आडवी. त्यानं एका दुपारी इकडेतिकडे बघत टेकडीच्या रेघेला टाकीजवळ चार मिनिटांची आडवी रेघ जोडली. कुणाला बोलला नाही. ताईलाही नाही. सांगितलं असतं तर ती लॉन्ड्रीभर कौतुक करत सुटली असती, आणि मग कॅन्टीनमध्ये तोंड दाखवायची सोय उरली नसती.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग सुधारणेचं वारं आलं. खालच्या पायरीच्या नव्या बस आल्या, तिकिटाऐवजी कार्डं आली, आणि वेळापत्रक संगणक करणार असं ठरलं. संगणकाच्या कंपनीकडून आलेल्या बाईंनी मिनिटरावाला एक तक्ता दिला. जिथे जिथे बस जादा थांबते ती जागा, मिनिटं आणि कारण असे तीन रकाने होते. त्यानं दोनशे अकरा थांबे लिहून काढले. शाळा सुटते. रेल्वेचं फाटक पडतं. ड्रायव्हर बदलतो. हात सरसर चालला होता, आणि टाकीजवळ येऊन अडला.

काय लिहायचं? माझी बहीण? 'रुग्णालयातून येणाऱ्यांना बस बदलता यावी' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. लॉन्ड्रीतल्या आणखी चार बायका त्याच बसनं यायच्या. पण माणसाचं मन एकदा स्वतःला चोर म्हणू लागलं की खरं कारणसुद्धा त्याला बनाव वाटतं. त्यानं रकाना कोरा ठेवला.

"काका, याचं कारण राहिलंय," बाई म्हणाल्या. "कोरं असलं की सिस्टीम शून्य मिनिटं धरते हं."

"धरू दे," मिनिटराव म्हणाला.

मनाच्या समजुतीला त्याच्याकडे एक आकडा होता. नव्या बस जोरात पळतात, त्यामुळे ताईची बस आता टाकीला अकरा तेहेतीसलाच पोचेल, असं संगणक सांगत होता. म्हणजे चार मिनिटांची गरजच नाही. चोरीही मिटली आणि ताईचंही काही अडलं नाही, म्हणून तो त्या रात्री गाढ झोपला.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी भिंतीवरचा पडदा सुरू केला. बस पहिल्या थांब्यावरून वेळेवर सुटली की हिरवा ठिपका, नाहीतर लाल. पडदा हिरवागार झाला. साहेबांनी मिनिटरावाची पाठ थोपटली. रविवारी त्यानं ताईला फोन केला.

"नव्या बस कशा आहेत गं?"

"छान आहेत रे धाकट्या. गार हवा येते, बसायला मऊ आहे."

"आणि वेळेवर?"

"हो, अगदी वेळेवर सुटतात," ताई म्हणाली आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी करू लागली. टाकीजवळचं त्यानं विचारलं नाही. विचारायचं तर आधी चार मिनिटांचं सांगावं लागलं असतं.

सातव्या आठवड्यात शुश्रूषागृहातून फोन आला. भाऊजी गेले होते.

सामान ताब्यात घ्यायला मिनिटराव गेला. चष्मा, स्वेटर, दाढीचं सामान. नर्सनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "ताईंना उशीर व्हायला लागला ना, तेव्हापासून तुमच्या भाऊजींनी तोंडच मिटलं हो. आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं. ताई पाऊण वाजून गेल्यावर पोचायच्या, तोवर ते औषधानं झोपलेले. त्या उशाशी ताट घेऊन बसून राहायच्या आणि परत जायच्या."

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, आज ना उद्या व्हायचंच होतं. मिनिटरावानं मान डोलावली. त्यातला एक शब्दही त्याला पटला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वीसलाच तो टाकीजवळ जाऊन उभा राहिला. टेकडीची बस आली, पस्तीस झाले, दार मिटलं, बस गेली. ताईची बस आली ती छत्तीसलाच, पूर्वीसारखी. बस जोरात पळत होती हे खरं, पण मधल्या प्रत्येक थांब्यावर म्हातारी माणसं पिशवीत कार्ड शोधत होती, आणि ते संगणकाला कुणी सांगितलं नव्हतं. बसमधून चार बायका उतरल्या. गेलेल्या बसकडे बघत फुटपाथवर बसल्या. बसल्या त्या सवयीनं. डेपोतल्या पडद्यावर या घटकेला दोन्ही बसचे ठिपके हिरवेच असणार.

तिथून तो तडक ताईकडे गेला. ती भाऊजींचे शर्ट घड्या करून खोक्यात भरत होती. त्यानं पाणीही घेतलं नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. चार मिनिटं कशी ठेवली, कुणासाठी ठेवली, आणि कशी काढली.

"लाज वाटली मला," तो म्हणाला. "लोक म्हणतील, बहिणीसाठी बस थांबवतो. म्हणून लिहिलं नाही. मी मारलं त्यांना, ताई."

ताईनं हातातल्या शर्टाची बटणं लावली.

"म्हणजे तो ड्रायव्हर आपणहून नव्हता थांबत?"

"नाही. कागदावर होतं."

"मला वाटायचं, आम्हाला बघून थांबतो. उतरताना मी त्याला रोज हात करायचे." तिनं शर्ट खोक्यात ठेवला. "मग नव्या बस आल्या आणि थांबेनासा झाला. मला वाटलं, वरून दटावलं असेल कुणी बिचाऱ्याला."

"मला का नाही बोललीस? मी रोज त्याच ऑफिसात बसतो!"

"म्हणूनच नाही बोलले. तू चौकशी लावली असतीस, तर इतके दिवस थांबत होता हे बाहेर आलं असतं. नोकरी गेली असती त्याची."

मिनिटराव तिच्याजवळ खाली बसला. त्याला रडू फुटलं. ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"लॉन्ड्रीची मुकादम मला दुपारी दोननंतरची पाळी देत होती," ती म्हणाली. "दोनदा विचारलं तिनं. मीच नको म्हटलं. म्हटलं, चांगला माणूस आहे, उद्या थांबेल."