कोरडा बोल्ट

उस्ताद दुपारी आडवे झाले की त्यांचं घोरणं मागच्या खोलीतून थेट गॅरेजच्या शटरपर्यंत ऐकू यायचं. आज त्याच घोरण्याच्या भरवशावर वहिनींनी पाना हातात घेतला. वहिनी म्हणजे उस्तादांची बायको. लग्नानंतर हिशेब बघायला म्हणून गॅरेजात आल्या आणि वर्षभरात इंजिनं उघडायला लागल्या.

स्टँडवर गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं इंजिन होतं. त्याचं फ्लायव्हील काल उस्तादांनी चढवलं होतं. हे जड चाक ज्या बोल्टांवर बसतं, त्यांच्या आट्यांना थ्रेडलॉकरचा निळा थेंब लावावाच लागतो. तो आत सुकून बोल्टला घट्ट धरतो. नाही लावला तर थरथरीने बोल्ट सैल होतो, आणि मग भर रस्त्यात काय होईल ते न बोललेलंच बरं. हे दोघं त्या थेंबाला औषध म्हणत.

काल ते लावलं होतं की नाही, हे विचारायची सोय उरली नव्हती. उस्ताद हल्ली विसरत. एकदा तर ऑइल न भरताच गाडी सुरू करायला निघाले होते. काही विचारलं की राग नाकावर. आज एखादा बोल्ट कोरडा निघाला, तर त्यांच्या हातून पाना काढून घ्यावा लागणार होता. ते त्यांना सांगायचं कुणी?

पहिला बोल्ट कट्‌ करून सुटला. आट्यांत निळी पूड. दुसऱ्यालाही. एकेक करत सगळे निघाले, सगळे निळे.

"शाबूत आहे हो माझा माणूस," त्या पुटपुटल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. रडण्याच्या नादात घोरणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

"काय करतेस गं?" उस्ताद दारात उभे होते.

"काही नाही, जरा पुसत होते."

"फ्लायव्हील काढून?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "उघडले मी बोल्ट. मला राहवेना. आता बोला काय बोलायचं ते."

उस्ताद स्टुलावर बसले आणि बोल्ट हातात घेऊन बघत राहिले.

"सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मीपण उघडले होते," ते म्हणाले. "औषध लावलं की नाही, आठवेना."

"मग?"

"एक कोरडा होता." त्यांचा आवाज खाली गेला. "लावून परत बसवला. पाना आता तूच ठेव."

वहिनींना एकदम इतकी माया दाटून आली की त्या खेकसल्याच. "मी कशाला ठेवू? औषध मी लावते, आवळायचं तुम्ही. माझ्या मनगटात तेवढा जोर आहे का?"

"आत्ता हे सगळे सोडवलेस ते कुणाच्या मनगटाने?"

"जास्त बोलू नका. ब्रश द्या."

दोघांनी आटे घासून साफ केले. वहिनी थेंब लावून बोल्ट पुढे करत होत्या आणि उस्ताद नेहमीसारखे, समोरासमोरचे धरून, आवळत होते.

मध्येच ते थांबले. "याला लावलं?"

"लावलं."

पाना चढवला, उतरवला. बोल्ट तोच होता.

"अगं, याला लावलं का?"

त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं असावं, तसं वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. "लावलंय. आवळा तुम्ही."