पांढऱ्या चादरीतली माफी

रविवारी सकाळी अ‍ॅव्हिस हॉल्टने डोक्यावरचा रुमाल बांधला, सोडला, पुन्हा बांधला. खटला ती जिंकली होती. मग गाठ मनासारखी का बसेना?

गावच्या भट्टीपाशी पाव आधी कुणी घालायचे यावरून वाजलं आणि ग्रिझेल टलीने तिला तोंडावर ‘जेड’ म्हटलं. जेड म्हणजे खंगलेली भाड्याची घोडी, कुणीही यावं आणि पाठीवर बसावं अशी. बाईला म्हटलं की पुढचं सांगायला नको. ऐकलं चार-दोन बायकांनीच, पण अ‍ॅव्हिस पडली विधवा, त्यात सुईण. नावाला बट्टा लागलेल्या सुईणीला बाळंतिणीच्या खोलीत कोण घेणार? त्यानंतर दोघी बाळंतिणींनी पलीकडच्या गावची सुईण बोलावलीसुद्धा. मग अ‍ॅव्हिसने चर्चच्या कोर्टात दाद मागितली. निकाल लागला: ग्रिझेलने भर प्रार्थनेत अनवाणी, पांढरी चादर पांघरून उभं राहायचं, आपण काय म्हणालो ते मोठ्याने सांगायचं आणि माफी मागायची.

मोठ्याने सांगायचं! हे अ‍ॅव्हिसच्या डोक्यात आदल्या दिवशी शिरलं: चार-दोन बायकांनी ऐकलेला शब्द आता सगळं गाव ऐकणार. शेवटी घंटा व्हायच्या आतच ती पाद्रीबुवांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“तेवढा शब्द गाळता येईल का हो?”

“शब्द गाळला तर माफी कशाची मागायची, बाई?”

“मग राहू दे सगळंच.”

“आज मागे घेतलंत तर लोक म्हणतील, खरंच होतं म्हणून घाबरली.”

ती रुमाल सारखा करत चर्चकडे वळली.

नेमकी हवा चांगली पडली होती. एरवी न फिरकणारे डोंगरावरचे लोकही उतरले होते. त्यात राल्फ गार्थ होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि त्याने अ‍ॅव्हिसला आधीच सांगून ठेवलं होतं. भट्टीवरचं भांडण त्याच्या कानावर गेलेलं नव्हतं.

पाद्रीबुवा एकेक वाक्य सांगत होते, ग्रिझेल ते मागून म्हणत होती. थंडगार फरशीवर तिची पावलं निळी पडली होती. त्या शब्दाशी तिचा आवाज खाली गेला.

“काय म्हणाली?” मागून बहिऱ्या हॉबम्हाताऱ्याने विचारलं.

“जेड!” शेजारचा त्याच्या कानात ओरडला. “सुईणबाईंना! जेड!”

सगळं चर्च फिसकन हसलं. ग्रिझेल हुंदके देत होती. पाद्रीबुवांनी खूण केली तशी अ‍ॅव्हिस उठली आणि म्हणाली, “केली माफ.”

बाहेर पडताना कुणीतरी ग्रिझेलच्या अंगावर शाल घातली. बिचारी म्हणे! तोंड हिचं सुटलं आणि शालही हिलाच.

राल्फ गार्थ फाटकापाशी थांबला होता.

“हॉल्टबाई, तुम्ही उगाच डोंगर चढायचे कष्ट घेऊ नका. बायकोची बहीण येतेय.”

“आडवं आलेलं मूल वळवता येतं का तिला?”

“बघू,” तो टोपीकडे बघत म्हणाला आणि चालू लागला.

अ‍ॅव्हिसला घरी जाववेना. ती नुसतीच चर्चच्या भिंतीला वळसा घालत राहिली. भिंतीमागे पोरं जमली होती. टिबने आईचा पांढरा एप्रन डोक्यावरून घेतला होता. ही टिब पायाळू. हिला बाहेर काढताना अ‍ॅव्हिसच्या हातांचे तुकडे पडले होते.

“ग्रिझेल मीच! आता अ‍ॅव्हिस कोण?”

“मी नाही बाई.”

“मी पण नाही. आई मारेल मला.”

“मी होते,” अ‍ॅव्हिस म्हणाली.

पोरं जागच्या जागी थिजली. टिबने एप्रन घट्ट धरला. पळावं की खेळावं, तिला कळेना. मग ती एका दमात म्हणाली, “मी अ‍ॅव्हिस हॉल्टला जेड म्हणाले, ते खोटं होतं, मला माफ करा.”

“नाही करत,” अ‍ॅव्हिस म्हणाली. इतक्या मोठ्याने, की फाटकाशी बोलत उभ्या असलेल्या बायका गप्प झाल्या.

“असं नसतं!” टिब रडकुंडीला आली. “केली माफ, असं म्हणायचं असतं! मघाशी चर्चमध्ये तुम्हीच म्हणालात ना!”

“म्हणाले गं,” अ‍ॅव्हिस त्या बायकांकडे बघत म्हणाली. “ते खोटं होतं.”