गाळलेलं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत पाणी आधी गाळतात, मग तपासतात. गढूळ पाणी तसंच यंत्रात घातलं की आतली बारीक नळी तुंबते आणि दोन दिवस काम बंद. सव्वीस वर्षं मी हेच केलं. गाळणीत पांढरी चकती बसवायची, पाणी गाळायचं, चकती कचऱ्यात टाकायची. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या विहिरीचं पाणीही मी असंच तपासलं.

ते पाणी जरा दुधाळच होतं. आई त्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी अलगद ओतून घ्यायची. मला त्याची चीड यायची. मी रिपोर्ट तिच्या पुढ्यात धरला. "हे बघ, काही नाही पाण्यात. आता तरी ते तुरटीचं खूळ सोड. अडाण्यासारखं काय करतेस!"

अडाण्यासारखं. शब्द माझाच.

बाबांनी तो रिपोर्ट चौकटीत घालून पाण्याच्या हंड्यावर टांगला. आल्यागेल्याला सांगायचे, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? तपासनीस बाई घरच्याच आहेत." मग तांब्याभर पाणी एका दमात पिऊन मिशा पुसायचे.

या हिवाळ्यात ते गेले. मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, कारणं पुष्कळ असू शकतात.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत नव्या बाई आल्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी टोपलीतली एक चकती चिमट्याने उचलली. "ताई, ही कधी मोजलीय?"

"कचरा कोण मोजतं?"

"मातीचे काही कण इतके बारीक असतात की महिनाभर ठेवले तरी तळाशी बसत नाहीत. खडकातून सुटलेला युरेनियमसारखा किरणोत्सारी धातू त्यांना चिकटतो आणि त्यांच्याबरोबर विहिरीत येतो. आपण कण फेकून देतो आणि उरलेलं पाणी मोजतो. लोक मात्र न गाळता पितात."

कालची पोर मला शिकवायला निघाली, म्हणून आधी माझं डोकंच फिरलं. पण रविवारी मी विहिरीचं पाणी आणलं आणि तीन बाटल्या केल्या. एकीतलं पाणी गाळलं. एकीत तुरटी फिरवून वरचं पाणी घेतलं. तिसरी न गाळता, आम्लात कण विरघळवून तपासली. गाळलेलं स्वच्छ निघालं. तुरटीचंही जवळजवळ स्वच्छ. तुरटीने ते कण एकमेकांना बिलगतात, जड होतात आणि धातूला घेऊन खाली बसतात. तिसऱ्या बाटलीत मूत्रपिंडं नासवणारं युरेनियम मर्यादेच्या अकरा पट होतं. मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

आणि आई अजून त्याच विहिरीचं पाणी पीत होती. नेहमीची तपासणी आहे असं खोटं सांगून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. निकाल आला तो असा, की तिची मूत्रपिंडं ठणठणीत. मला काही उमगेना. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली.

त्या दुपारी स्वयंपाकघरात मी तिला सगळं सांगितलं. चकती, तीन बाटल्या, बाबा. काही झाकलं नाही. वर चौकटीत माझी सही दिसत होती.

आई उठली, फळीवरच्या मोठ्या डब्यांमागून एक छोटा डबा काढला आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकवला. आत तुरटीचा खडा होता, वापरून वापरून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालेला.

"मी सोडलीच नाही गं," ती म्हणाली. "माझं पाणी वेगळं ठेवायचे, तू यायच्या आधी लपवायचे. त्यांनाही किती वेळा म्हटलं, हे घ्या. ते म्हणायचे, नको, पोरीला कळलं तर तिला काय वाटेल?"

मी खडा मुठीत आवळून धरला. तिला वाटलं, मी चिडलेय.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही," ती म्हणाली. "रागावलीस का?"