डाव्या चाकाची नळी

मी एक जुनी रबरी नळी आहे. लांबी वीतभर, रंग काळा, आणि सध्या उभी चिरलेली. मित्रांनो, मी ज्या अपघाताची गोष्ट सांगणार आहे, त्याला कारण मीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच दुसऱ्या कोणावर संशय घेत बसणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराचा थर, त्यावर सुताची वीण, त्यावर पुन्हा रबर आणि दोन्ही टोकांना नट. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही तयार झाली. आम्हा दोघींना एका लाल, दोनच माणसे बसतील अशा स्पोर्ट्स गाडीत बसवण्यात आले. ती उजव्या पुढच्या चाकाशी, मी डाव्या. चाक वळते, खड्ड्यात आदळते, तिथे लोखंडी पाइप टिकत नाही. वाकणारे कोणीतरी लागते. ब्रेकवर पाय पडला की ब्रेक ऑइलचा दाब पाइपातून माझ्यात येई आणि मी तो चाकापर्यंत पोहोचवत असे. पाय उचलला की त्याला परत जाऊ देत असे. एवढेच माझे काम.

गाडी ताईंची. ताई जनावरांच्या डॉक्टर. गाडीत औषधांची पेटीसुद्धा मांडीवर घ्यावी लागे, तरी तीस वर्षे त्या हीच गाडी घेऊन गोठ्यागोठ्यांत फिरल्या. लोक गाडीच्या रंगाचे कौतुक करत, आवाजाचे करत. नळीचे कौतुक कोणी केले नाही. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. चाकाच्या मागे डोके घालून बघायला कोणाला वेळ असतो?

ताईंचा धाकटा भाऊ घड्याळे दुरुस्त करतो. लहानपणापासून त्याच्या हातात चिमटा, म्हणून ताई त्याला चिमट्या म्हणतात. ताई निवृत्त झाल्या, गाडी चार वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणायचे चिमट्याने मनावर घेतले. त्याने ब्रेकचे पॅड बदलले, डिस्क घासली, पॅड दाबणारा पिस्टन नवा बसवला. माझ्यापाशी आल्यावर त्याने डोळ्याला भिंग लावले आणि मला वाकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळले. भेग नाही, गळती नाही. घड्याळाचा मूळचा भाग चांगला असेल तर तो कधी टाकायचा नाही, ही त्याची शिस्त. त्याने मला पुसून परत लावले.

"ताई, ब्रेक एकदम नव्यासारखे झालेत बघ," तो म्हणाला.

झाले नव्हते. मी बाहेरून ठणठणीत होते आणि आतून सुजले होते. माझे वय झाले होते, ऑइलही कित्येक वर्षांत बदललेले नव्हते. माझ्या आतली वाट आता सुईच्या नेढ्याएवढी उरली होती. पायाचा जोर मोठा, त्यामुळे ऑइल आत शिरे. परतताना तसा जोर नसतो, म्हणून ते चाकापाशीच अडकून बसे. पाय उचलला तरी डावे चाक धरलेलेच राही.

पहिल्याच फेरीत उतारावर तेच झाले. ताईंनी ब्रेक दाबला, सोडला, आणि गाडी डावीकडे खेचली गेली. एक सायकलवाला थोडक्यात वाचला. गाडी भिंतीला घासून थांबली. कोणाला लागले नाही, पण ताई खाली उतरून फुटपाथवर बसल्या. घरी येताच त्यांनी एका उपाहारगृहाच्या मालकाला फोन केला. त्याला दारातल्या ओट्यावर मांडायला जुनी गाडी हवी होती. इंजिन काढायचे, आत कुंड्या ठेवायच्या, शेजारी उभे राहून गिऱ्हाइकांनी फोटो काढायचे. रविवारी दुपारी गाडी न्यायचे ठरले.

चिमट्याने तो पिस्टन पुन्हा काढला, पुन्हा बसवला. चाक जामच. शनिवारी दुपारी ताई शेडमध्ये आल्या. चार दिवस त्या त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

"बस कर आता. उद्या नेतायत ते."

"पिस्टन नवा आहे गं, ताई. तरी का धरतोय? माझं डोकंच चालेनासं झालंय."

ताईंनी जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवून पाहिले.

"तुंबलंय ना? मग कुठे तुंबलंय ते शोध. गाईचं पोट फुगलं तर मी काय भिंग लावून बसते? आधी वरून सोड, मग खालून."

चिमट्याने ब्रेक दाबून सोडला. मग माझ्या वरच्या टोकाचा, पाइपाकडचा नट सैल केला. दोन थेंब आले. चाक हलले नाही. तो नट आवळून त्याने चाकापाशी हवा काढायचा जो बोल्ट असतो, तो सैल केला. ऑइलची पिचकारी थेट त्याच्या चष्म्यावर उडाली आणि ताईंच्या हाताखाली चाक गरकन फिरले. म्हणजे अडथळा मधे होता, आणि मधे मी एकटीच होते.

"ही? अगं, हिला तर मी भिंगाखाली धरली होती!"

"बाहेरून धरली होतीस. काढ तिला. उजवीकडचीही काढ, तिचं वय काही कमी नाही."

चिमट्याने मला ब्लेडने उभे चिरले. आतले फुगलेले रबर बघून तो खाली बसला.

"त्या दिवशी तुला काही झालं असतं तर..." त्याने चष्मा काढला.

"झालं नाही ना? डोळे पूस. नळ्या करून देणारा तो आहे ना, त्याला गाठ."

"उद्या रविवार आहे, ताई."

"मग घरून उठव त्याला."

त्याने खरोखरच उठवले. रविवारी अकरापर्यंत नव्या नळ्या बसल्या, जुने ऑइल गेले, नवे आले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मी सांगते, गाडी जपा आणि मला वेळेवर बदला. मी दिसायला चांगली आहे म्हणून माझ्यावर माया करू नका. त्या मायेपायी एका सायकलवाल्याचा जीव जाणार होता.

ताईंनी गाडी बाहेर काढली. चिमट्या शेजारी बसला, मी त्याच्या खिशात. उपाहारगृहासमोरच्या उतारावर ताईंनी ब्रेक लावला. ओट्याला नवा रंग दिलेला होता. मालक हात पुसत बाहेर आला.

"अरे वा, स्वतःच घेऊन आलात! आत घेऊ या का?"

"नको. गाडी चालते, तेवढं सांगायला आले होते."

ताईंनी पाय उचलला आणि गाडी उतारावर आपणहून पुढे सरकली. डावे चाक ब्रेकच्या पकडीतून सुटले, तो क्षण मला खिशातही कळला. इतक्या वर्षांची सवय. मला फार बरे वाटले. तिथे मी नव्हते, म्हणून ते सुटले होते.