दोष ब्रेकचा नव्हता

नरडाण्याच्या एका गोदामामागे गंजत पडलेली जुनी फोर्कलिफ्ट, ती मीच, मित्रांनो. कापसाच्या गाठी ट्रकमध्ये चढवणे हे माझे काम होते. पुढे दोन पोलादी काटे, मागे बिडाचे जड वजन. दोन्हींचा तोल राहिला, तरच मी चारही चाकांवर उभी राहते. मी किती भार पेलेन, ते माझ्या अंगावरच्या पट्टीवर कोरलेले आहे.

निंबा माझा चालक. रोज सकाळी तो मला पुसायचा, दसऱ्याला झेंडूची माळ घालायचा. मला वाटे, हा माझाच माणूस.

पण घाई असली की तो काट्यांवर जादा गाठी घ्यायचा. माझी मागची चाके उचलली जायची. मग तो जीवराम हमालाला हाक मारायचा, "जीवरामभाऊ, मांगे चढ! माल जड शे."

"मी काय धोंडा शे का रे?"

"भाकरी खानारा धोंडा शे तू!"

सगळे हसायचे. जीवरामही हसत माझ्या पाठीवर चढायचा आणि चाके टेकायची. गोदामात ही रीतच पडली होती.

एका दुपारी निंबाने गाठी ठेवायला काटे पुढे झुकवले. जीवराम वर असूनही माझी मागची बाजू उचलली गेली. तोल जाऊन तो पडला. तेवढ्यात गाठी घसरल्या आणि भार जाताच मी मागून धाडकन खाली आले. त्याचा पाय माझ्या चाकाखाली सापडला.

"साहेब, ब्रेकच लागला नाही," निंबा गोदामाच्या मालकाला म्हणाला. "गाडीच खराब आहे."

मी तर पुढे-मागे सरकलेही नव्हते, मग ब्रेकचा संबंधच काय! पण मला कोण विचारणार? मला इथे ढकलून दिले. निंबाला नवी गाडी मिळाली.

काल जीवराम कुबडी टेकत आला. समोर माल चढवायच्या धक्क्यावर नव्या गाडीची मागची चाके अधांतरी होती.

"प्रेमराज, मांगे चढ!" निंबाने हाक दिली. त्या तरुण हमालाने एक पाय वर ठेवलासुद्धा.

"उतर!" जीवराम ओरडला. "निंबा, हाई गाडी तं नवी शे. हिनाबी ब्रेक खराब शे का?"

प्रेमराज उतरला. निंबाने मान खाली घालून जादा गाठी काढल्या. माझ्याकडे मात्र त्याने पाहिले नाही.

मित्रांनो, माणसाला वजन म्हणून यंत्रावर उभे करू नका. आणि चूक झालीच, तर ती मुक्या गाडीच्या माथी मारू नका. मला माळ नको होती. माझ्या अंगावरचा आकडा निंबाने पाळला असता, तरी पुरे होते.