मैद्याच्या हाताला बत्तीसशे कॅलरी

व्यायामशाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सडपातळ व्हायला आलेले आणि पिळदार व्हायला आलेले, सगळे एकाच रांगेत घामाघूम. समोर पडदा, पडद्याला फट, फटीतून आत घालायचा हात. पलीकडे लोलकमहाराज त्या हातावर पितळी लोलक धरत आणि रोज किती कॅलरी खायच्या ते सांगत. चेहरा बघायचा नाही, नाव विचारायचं नाही. लहरी मिसळतात म्हणे, म्हणून पांढरा हातमोजा घालायचा. मनगटाला फीत मात्र आपणच बांधायची: चरबी घटवायची तर लाल, स्नायू वाढवायचे तर निळी. ती फीत कुणालाच खटकली नाही.

"पेशी बोलते, लोलक ऐकतो!" महाराज गरजत. "मी फक्त टपालवाला!"

माझा दादा त्यांचा परमभक्त. त्याची बेकरी, पहाटेपासून पीठ मळायचं, पोती उचलायची, भट्टीपुढे उभं राहायचं. पोट सुटलं म्हणून लाल फीत बांधून गेला आणि आठशे कॅलरी घेऊन परतला. वजन भराभर उतरलं, तसा स्वारीचा पाय जमिनीवर ठरेना. मी डॉक्टर आहे, पण धाकट्या बहिणीचं घरात कोण ऐकतं?

मग एका सकाळी भट्टीतून ट्रे काढताना त्याला भोवळ आली. वहिनीने मागून कंबर धरली म्हणून तोंड तापल्या पत्र्यावर आपटलं नाही. ते कळताच मी बेकरीत धावले.

"अहो, आज वाचलात. उद्या मी मागे नसले तर?" वहिनी रडत होती.

"शरीर शुद्ध होतंय," दादा पुटपुटला.

"दादा, पैज लाव," मी म्हटलं. "हातमोज्यात पावाचं पीठ भर. महाराजांनी ओळखलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही ओळखलं, तर तू पोटभर जेवायचं."

दादाला हसूच आलं. "महाराजांना पीठ कळणार नाही? वेडी आहेस का!" पण कारागीर तो, असा झकास हात घडवला की तळव्याचा उंचवटाही सुटला नाही. सवयीने यीस्टही घातलं.

हॉलमध्ये आमची पाळी आली तेव्हा वहिनीने पिशवीतून तो हात काढला, निळी फीत बांधली आणि फटीतून आत सरकवला. दादा श्वास रोखून उभा.

लोलक गरगरला. "वा! बत्तीसशे कॅलरी! काय ही पेशींची भूक!"

"दमले असतील महाराज," दादा कुजबुजला, पण चेहरा पडला होता. आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. या वेळी त्याच हाताला लाल फीत.

"आठशे! चरबी ठासून भरलीय!"

एव्हाना हॉलच्या उकाड्यात पीठ चांगलंच फुगलं होतं. "पाहा, चरबी बाहेर पडू बघतेय!" महाराज ओरडले, आणि अंगठ्याची शिवण उसवून पीठ खरोखरच बाहेर आलं.

पडदा दादानेच ओढला. "महाराज, हे माझ्या बेकरीतलं पीठ. याला जेवायला काय घालू?"

हॉल हसून लोळला. महाराज लोलक खिशात घालून वाट शोधू लागले.

"पण डॉक्टर, आमचं वजन उतरलं ना?" मला ओळखणाऱ्या एक बाई रांगेतून म्हणाल्या.

"उतरणारच! उपाशी ठेवल्यावर कुणाचं उतरत नाही? पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि भोवळ येते. लोलक हलतो महाराजांच्या बोटांनी आणि आकडा ठरतो फितीच्या रंगावरून. रोज किती कॅलरी लागतात याचा अंदाज तुमचं वजन, उंची, वय आणि कामावरून निघतो. चरबी घटवायची तर त्याहून थोडं कमी खा. स्नायू हवेत तर थोडं जास्त, त्यात पुरेशी प्रथिनं, आणि जोडीला वजनं उचला. मग काही आठवडे वजनकाटा बघत राहा. अंदाज चुकला तर बदला. चूक दुरुस्त करण्याची सोय लोलकात नाही."

घरी दादा ताटासमोर बसला. "ओळखलं नाही गं त्यांनी," तो म्हणाला. मला वाईट वाटलं. वहिनीने वाढलं आणि तो जेवला. पोट अजून थोडं आहे, हळूहळू उतरतंय. भट्टीपुढे मात्र पाय ठाम असतात.

तुम्हालाही कुणी असा पडद्याआडून आकडा सांगितला, तर भांडू नका. फीत बदला आणि तोच हात पुन्हा पुढे करा.