डॉक्टर विपलचा कुरकुरणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. चौकटीसकट चार चाकांवर उभा असलेला, पाइनच्या लाकडाचा. माझी गंमत अशी, की मला घरच नाही. माझ्या अलीकडे खोली नाही आणि पलीकडे अंगण नाही. तरीही एके काळी अख्खी अमेरिका मला आवाजावरून ओळखायची. बढाई वाटेल तुम्हाला, पण आधी ऐकून तर घ्या.

हॉलिवूडच्या एका रेडिओ स्टुडिओत माझा जन्म झाला. रेडिओवर काही दिसत नाही. कोणी घरात आलं, तर ते ऐकूच यावं लागतं. म्हणून सुताराने मला बनवलं आणि माझ्या अंगावर तीन कड्या, दोन कुलपं आणि एक अडसर ठोकला. मला हाताळायची मर्टल. नाटकातले सगळे आवाज तिच्या ताब्यात. खोक्यातल्या वाळूत बूट दाबून ती पावलं चालवायची. चिडलेला नवरा घरी आला, की मला धाडकन आपटायची. आजाऱ्याच्या खोलीत मात्र इतकं अलगद उघडायची, की माझं मलाच कौतुक वाटे.

आणि आमचा नट होता ऑरविल टटल. उंच, टकला, बूट वाजू नयेत म्हणून पायात कापडी सपाता. त्याचा आवाज ऐकून तापाने फणफणलेलं पोरही मुकाट्याने औषध घेईल, असा. तो दर मंगळवारी गावचा डॉक्टर विपल व्हायचा. नाटकाची सुरुवात ठरलेली असे. दोन टकटक, मग माझी लांबलचक कुर्रर्र, आणि मग ऑरविलचा आवाज, “कुठाय आमचा पेशंट?” पूर्वेकडचं घड्याळ आमच्या तीन तास पुढे, म्हणून तिकडच्या लोकांसाठी नाटक एकदा, आणि आमच्या पश्चिमेकडच्या लोकांसाठी तीन तासांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात ऑरविल समोरच्या दुकानात चेरी पाय, म्हणजे चेरीचं सारण भरलेला गोड पदार्थ, खाऊन येई. वाचून झालेला कागद तो हळूच खालच्या गालिच्यावर सोडी, म्हणजे सळसळ नको.

पण मित्रांनो, एक दुःख होतं. मला उघडत, मला लावत, पण माझ्यातून पलीकडे कधी कोणी गेलंच नाही. ऑरविल माझ्यापासून दहा हातांवर, माइकसमोर उभ्याउभ्याच ‘आत’ यायचा. दरवाजाच्या जन्माला येऊन कोणी आत येऊ नये, याचं मला फार वाईट वाटायचं.

माझी कुरकुर ऐकून श्रोते तेलाचे डबे पाठवत. एकदा नव्या झाडूवाल्याने, भला माणूस बिचारा, त्यातलंच तेल माझ्या बिजागरीत ओतलं. त्या मंगळवारी दोन टकटक झाल्या आणि मी उघडलो, पण आवाजच नाही! ऑरविल कागद धरून नुसता उभा. कुरकुर झाल्याशिवाय त्याचं तोंडच उघडेना. शेवटी मर्टलने माइकपाशी तोंड नेऊन स्वतःच कुर्रर्र केलं. पुढल्या आठवड्यात पत्रं आली, “दरवाजाला सर्दी झाली का हो?”

अशी सोळा वर्षं मजेत गेली. मग घरोघरी टेलिव्हिजन आला आणि रेडिओवरची नाटकं एकामागून एक बंद पडली. आमचंही बंद झालं. मला भंगारात काढणार होते. मर्टल कमरेवर हात ठेवून म्हणाली, “खबरदार हात लावलात तर!” आणि तिने मला आपल्या परसात, लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. तिथे पाखरं माझ्यावर बसत. आणखी काय हो करणार होतो मी?

एका बुधवारी दुपारी ऑरविल तिथे आला. चेहरा पार उतरलेला.

“काय रे, डॉक्टरच आजारी?” मर्टलने विचारलं.

“मर्टल, डॉक्टर विपल टेलिव्हिजनवर येतोय. मला चाचणीला बोलावलं होतं.”

“मग पेढे, आपलं, चेरी पाय कुठाय?”

“कसला पाय! मी दारावर दोनदा टकटक केलं आणि उभाच राहिलो.”

“उभा का राहिलास?”

“दार उघडायची वाट बघत! दिग्दर्शक ओरडला, अहो टटल, दार उघडा की! आणि मी म्हणालो, ते मर्टल उघडते.”

मर्टल खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हस, हस. दुसऱ्यांदा दार उघडलं, तर हातात नसलेला कागद खाली सोडला. शुक्रवारी शेवटची संधी आहे. जमलं नाही, तर दुसरा कोणी डॉक्टर विपल होईल. मर्टल, सोळा वर्षं तो माणूस माझ्या पोटात राहतोय गं.”

मर्टलने डोळे पुसले. मग उठली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “सोळा वर्षं लोकांच्या घरात शिरतोयस आणि दार उघडता येत नाही? चल, ऊठ. हा आपलाच आहे, चावत नाही.”

ऑरविलने टकटक केलं. थांबला. मर्टल ओरडली, “माझ्याकडे काय बघतोस? तुला हात नाहीत?” त्याने मूठ धरली आणि मला ढकललं. कुर्रर्र! आणि मित्रांनो, तो पाय उचलून माझ्यातून पलीकडे आला! माझ्या जन्मात आत आलेला पहिला माणूस. इतका आनंद झाला मला, की चाकं जाग्यावर राहिली याचंच नवल.

दोन दिवस हेच चाललं. उंबऱ्याला अडखळला, चौकटीला डोकं आपटलं, एकदा तर मलाच “माफ करा” म्हणाला. पण हात रिकामा ठेवून, समोर बघून आत यायला तो शिकला.

शुक्रवारी मर्टलने मला गाडीत घातलं आणि थेट चित्रीकरणाच्या जागी नेलं. तिथे रंगवलेला, मुका दरवाजा होता. दिग्दर्शक कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “हे काय लाकूड आणलंय, बाई?”

“तुमचा दरवाजा बोलत नाही. याच्याशी ऑरविलची जुनी ओळख आहे. एकदाच करून बघा.”

दिव्यांचा झोत पडला. दोन टकटक. माझ्यापलीकडे ऑरविलचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याने मूठ धरली.

कुर्रर्र!

वर शिडीवर दिवे सांभाळणारा म्हातारा तंत्रज्ञ चित्रीकरण चालू आहे हे विसरून मोठ्याने ओरडला, “अरे, आले की डॉक्टर!”

ऑरविल आत पाऊल टाकून, त्याच्याकडे बघत, हसून म्हणाला, “कुठाय आमचा पेशंट?”

सगळे टाळ्या वाजवू लागले. खरं तर चित्रीकरण फुकट गेलं होतं, पुन्हा करावं लागलं. पण डॉक्टर विपल कोण, हे तेव्हाच ठरलं. पुढची सहा वर्षं दर आठवड्याला ऑरविल माझ्यातून आत आला.

आता मी पुन्हा लिंबाखाली आहे. ऑरविलचे केस नव्हतेच, आता दातही गेले. तरी रविवारी तो चेरी पाय घेऊन येतो. बाजूने मोकळी वाट असते, पण तो टकटक करतो आणि माझ्यातूनच येतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना पावसात टाकू नका. पण त्यांची कुरकुर मोडायच्या आधी, ती कोणी ऐकायला थांबलंय का, तेवढं विचारा. आणि कधी घर नसलेला दरवाजा दिसला, तर बाजूने जाऊ नका. टकटक करा आणि आत या.